पत्रिका जुळत नाही, एवढं तरी कळवा

आमच्या घरात गेल्या वर्षी माझे दोन बायोडाटा फिरत होते. एक नोकरीचा, एक लग्नाचा. नोकरीचा मी स्वतः टाइप केलेला, लग्नाचा आईने मावसभावाकडून गणपतीचं चित्र टाकून करून घेतलेला. नऊ महिन्यांत लग्नाचा बायोडाटा सात ठिकाणी गेला आणि सातही ठिकाणांहून उत्तर आलं. कुठे 'पत्रिका जुळत नाही', कुठे 'यंदा करायचं नाही', एकीकडून नुसतं 'योग नाही'. खरं कारण वेगळंच असणार, हे सगळ्यांना माहीत. पण मध्यस्थ फोन करून सांगायचा आणि आई तो कागद फायलीत मागे सरकवायची. विषय संपला.

नोकरीचा बायोडाटा १३७ ठिकाणी गेला. साफ शब्दांत नकार कळवणारे दोन.

मी पैठणची. बी.कॉम., टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आणि जीएसटीचा कोर्स, आणि संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये चार वर्षं. शनिवारी-रविवारी घरी, बाकी दिवस बजाजनगरला दोघींच्या खोलीवर. मार्च २०२५ मध्ये मालकांनी अकाउंट्सचं काम पुण्याला हलवलं. 'पुण्याला येता का' असं विचारलं, पण त्याच पगारात. १९,५०० रुपयांत पुण्यात खोली घेऊन राहायचं म्हणजे घरी पाठवायला काही उरणार नव्हतं. नको म्हणाले. ३१ मार्च शेवटचा दिवस. नाथषष्ठी नुकतीच आटोपली होती, गावात पाल अजून पूर्ण उठले नव्हते, आणि मी गादी-बादली घेऊन एसटीतून उतरले. अण्णा स्टँडवर आले होते. "सुट्टीवर आली का?" म्हणून ओळखीच्या चहावाल्याने विचारलं. अण्णा म्हणाले, "हां, हाय जरा."

जाताना तिघा-चौघांनी सांगितलेली एक गोष्ट मी केली, ती तुम्हीही करा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या पीडीएफ त्याच दिवशी स्वतःच्या मेलवर घ्या. नंतर तिथे कुणी ओळखीचं राहत नाही. दुसरी एक गोष्ट मी करायची विसरले, तिचा त्रास जूनमध्ये झाला. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकायची असते, ती टाकलीच नव्हती. ती नसली की पैसे काढायचा दावा पुढे सरकत नाही. दोन-तीन मेल केले, अर्थातच उत्तर नाही. मग कळलं की शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या खातेक्रमांकाच्या, पोर्टलवर आपणच 'मार्क एक्झिट' करू शकतो, आधारच्या ओटीपीवर. दहा मिनिटांचं काम निघालं. तेव्हा महिनाभर बेरोजगार राहिल्यावर ७५ टक्के काढता येत होते. मी काढले नाहीत, पण काढता येतात एवढ्यानेच रात्री झोप बरी लागायची.

पहिला अर्ज २ एप्रिलला केला. एक दोनशे पानी वही घेतली आणि खतावणीसारखे रकाने आखले: तारीख, कंपनी, जागा, कुठून कळलं, कोणाशी बोलणं झालं, खर्च, उत्तर. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. 'उत्तर' हा रकाना मी सगळ्यात रुंद ठेवला होता.

पहिल्या महिन्यात ४० अर्ज केले, जवळजवळ सगळे नोकरीच्या पोर्टलवरून. एका बोटाने अर्ज जातो, त्यामुळे आपण काहीतरी केलं असं वाटतं. पलीकडे एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज पडतात, त्यातले बरेचसे कुणी उघडतही नाही. माझ्या ४० पैकी १६ ठिकाणांहून यंत्राची पोच आली. 'आपला अर्ज मिळाला. आपण पात्र ठरल्यासच संपर्क केला जाईल.' पाठवणाराचं नावच 'नो-रिप्लाय'. आमच्याकडे दारावर 'भिकाऱ्यांनी येऊ नये' अशी पाटी कुणी लावत नाही, नुसतं दार लावून घेतात. इथे पाटीही होती आणि दारही बंद होतं.

मे महिन्यात माझी चूक माझ्याच लक्षात आली. बायोडाटा मी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून देखणा करून घेतला होता. दोन रकाने, रंगीत पट्टी, कौशल्यांपुढे चांदण्या. जुन्या कंपनीतल्या एका सरांना पाठवला तर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, हे लग्नपत्रिकेसारखं झालंय. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला हे चौकोन कळत नाहीत." मग साधं एका पानाचं केलं. 'अकाउंट्सचं सर्व काम' असं मोघम लिहिलं होतं, ते खोडून जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, टीडीएस चलन, ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन अशी कामांची नावं घातली. फरक पडला. एप्रिलमध्ये एकही फोन नव्हता, मे-जूनमध्ये चार आले. पोर्टलवर सकाळी नऊच्या आत प्रोफाइलमधली एखादी ओळ बदलली की आपलं नाव ताजं दिसतं, हेही तेव्हाच कळलं. त्याआधी 'प्रोफाइल वर आणून देतो' म्हणणाऱ्या एका योजनेत ११०० रुपये घालवून झाले होते. वहीत ती नोंद लाल पेनाने आहे.

चारपैकी एक फोन फसवणुकीचा निघाला. 'तुमची निवड झालीय, १५०० रुपये नोंदणी भरा, पहिल्या पगारात परत.' मुलाखत न घेता निवड म्हणजे काय ते उघड आहे, तरी खरं सांगते, फोन ठेवल्यावर पाच मिनिटं मी विचार केला. इतके दिवस कुणी काही बोललेलं नसतं, त्यामुळे 'तुमची निवड' हे दोन शब्द गोड लागतात. पैसे भरले नाहीत. कुणी भरले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

आता ज्या प्रकरणाने मला खरं खचवलं ते सांगते.

८ जुलैला वाळूजच्या एका कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला. सीनियर अकाउंट्स असिस्टंट, बावीस हजार हातात. ११ जुलैला पहिली मुलाखत. सकाळी साडेसहाची एसटी पकडली. महिलांना अर्धं तिकीट असल्याने पैठण ते संभाजीनगर पन्नास रुपयांच्या आत जमतं. त्या सवलतीशिवाय मी निम्म्या मुलाखतींना गेलेच नसते. ढोरकीन, बिडकीन, चितेगाव. बिडकीन आलं की बसमध्ये कुणीतरी तिथल्या औद्योगिक वसाहतीचा विषय हमखास काढतं. २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला तेव्हापासून तर जास्तच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता तुमच्या पोराइला काय तोटा बाई, दारातच कंपन्या येऊन राहिल्या." मी खिडकीबाहेर बघितलं. रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, आणि बरीचशी मोकळी जमीन.

मध्यवर्ती बसस्थानकावरून शेअर रिक्षाने पंढरपूर. बाहेरच्यांसाठी सांगते, वाळूजच्या रस्त्यावर आमचं एक धाकटं पंढरपूर आहे. तिथून चालत कंपनी. गेटवर रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल स्टिकर लावून जमा. मुलाखत चांगली झाली. १८ जुलैला टॅलीवर परीक्षा, दोन तास. बँकेचं स्टेटमेंट आणि खतावणी जुळवायची होती, मुद्दाम चार घोळ घालून ठेवले होते. तीन सापडले, चौथा त्यांनी दाखवला. २५ जुलैला प्लँटच्या साहेबांशी बोलणं झालं. त्यांनी घरी कोण कोण आहे ते विचारलं, रोज येणं-जाणं करणार की खोली घेणार तेही विचारलं. मॅडमनी पगारपत्रकं, आधार, पॅन, सगळ्याच्या प्रती ठेवून घेतल्या. "एक तारखेपासून येऊ शकाल ना? सोमवारपर्यंत कळवते."

मी तिथूनच बजाजनगरच्या जुन्या घरमालकिणीला खोलीचं विचारून आले. पाचशे रुपये टोकनही देणार होते, त्याच म्हणाल्या, "आधी पत्र हातात येऊ दे माय."

तो सोमवार म्हणजे २८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार. आईने उपास धरला होताच, त्यात माझ्या नोकरीची भर घातली. संध्याकाळी सहापर्यंत फोन उशाशी. मंगळवारी मी स्वतःला समजावलं, कामात असतील. गुरुवारी मेल केला. दुसऱ्या सोमवारी व्हॉट्सअॅप केला, दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. त्या निळ्या रेघा वाईट. मेल निदान पोचलाच नसेल असं म्हणता येतं. तिसऱ्या सोमवारी फोन केला, वाजून बंद झाला. चार श्रावणी सोमवार गेले. २२ ऑगस्टला तीच जागा, त्याच शब्दांत, पोर्टलवर पुन्हा झळकली.

त्या दिवशी मी जेवले नाही. त्यांनी 'नाही' कळवलं असतं तर दुःख एका संध्याकाळचं होतं. इथे मी महिनाभर आपल्याच बोलण्याचा पंचनामा करत बसले. खोली घेणार म्हणाले ते चुकलं का, चौथा घोळ सापडला नाही म्हणून का, पगार जास्त मागितला का. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आला का फोन?" नंतर तिनेही विचारणं सोडलं, ते जास्त लागलं. धाकटा भाऊ आयटीआयवाला. २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याने महिना आठ हजारांवर एका कार्यालयात सहा महिने काढले, आता तोही घरी. तो म्हणाला, "ताई, त्यायला आपण लक्षात बी नसन." त्याने धीर द्यायला सांगितलं होतं, पण खरं तेच होतं.

सप्टेंबरात त्या कंपनीच्या लँडलाइनवर फोन लावला. कुणीतरी मुलगा बोलला, "त्या मॅडम सोडून गेल्या. ती पोस्ट होल्डवर आहे." मग पोर्टलवर दिसते ती जाहिरात? "ती आपोआप रिन्यू होते वाटतं." बस. चार सोमवारांचं कारण एवढंच. साहेबांनी खर्च थांबवला, मॅडमनी नोकरी बदलली, आणि माझा कागद कुणाच्याच टेबलावर उरला नाही. ज्यांनी माझे निरोप बघून सोडून दिले, त्याही कदाचित तेव्हा दुसरीकडच्या उत्तराची वाट बघत असतील. राग कुणावर धरायचा तेच कळेना.

याच सुमारास वहीत मी एक बदल केला. धंद्यात येणी किती जुनी झाली त्याचा तक्ता काढतात: तीस दिवसांची, साठ दिवसांची, नव्वदच्या पुढची. आणि एका टप्प्यानंतर येणं बुडीत खाती टाकतात. पैसे आले तर आले, पण ताळेबंदात मिरवत नाहीत. मी अर्जांचाही तसाच तक्ता केला. अर्जानंतर आठव्या दिवशी एक मेल, पंधराव्या दिवशी एक फोन, एकविसाव्या दिवशी आडवी रेघ मारून 'बुडीत'. मुलाखत झाली असेल तर तिच्या तारखेपासून मोजून हाच नियम. पहिल्या दिवशी ८१ नोंदींवर रेघा मारल्या. हात दुखला, पण त्यानंतर पोर्टलवर एखादं नाव पुन्हा दिसलं की छातीत धस्स व्हायचं थांबलं.

अकाउंट्सवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. पाठपुराव्याचा फोन महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेच्या आसपास करू नका. टीडीएस, जीएसटीआर-१ आणि ३बी यांच्या मुदती असतात, तुमच्याशी बोलायला कुणाला डोकं नसतं. मी २० तारखेला केलेले तीन फोन वाया घालवले, आणि मीच चार वर्षं हे काम केलेलं.

१७ सप्टेंबरची गोष्ट हसण्यासारखी आहे. बाहेरच्या राज्यात मुख्यालय असलेल्या एका कंपनीने संभाजीनगरच्या शाखेत मुलाखत ठेवली. मीही बेरोजगारीत तारखा विसरलेली. पावसात भिजत पोचले तर वॉचमन काका खुर्ची टाकून एकटेच. "अहो ताई, आज मुक्तिसंग्राम दिन. ऑफिस बंद हाय." मुख्यालयाला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "ये कौनसा हॉलिडे है?" हैदराबाद संस्थान, निजाम, १९४८, कुठून सुरुवात करायची? पुढची तारीख मेलवर कळवतो म्हणाली. कळवली नाही. काकांनी चहा पाजला, खर्चाच्या रकान्यात त्या दिवशी २० रुपये कमी आहेत.

रोजगार मेळाव्यालाही एकदा गेले. त्यांना बहुतेक मशीनवर उभे राहणारे हवे होते, माझा कागद एका गठ्ठ्यात गेला. एका ठिकाणी निवड झाली, पण ११ हजारांवर दहा तास. नको म्हणाले आणि त्यांना दोन ओळींचा मेल करून तसं कळवलं. त्यांच्याकडून 'थँक्स' आलं, माझ्या वहीतल्या मोजक्या माणसांच्या उत्तरांपैकी एक.

सप्टेंबरच्या शेवटी गोदावरीला पूर आला. पैठणात नदीकाठची घरं रिकामी केली, आमच्याकडे मामाचं कुटुंब आठ दिवस राहायला. अर्ज वगैरे सगळं बंद. दिवाळी तशीच गेली.

नोव्हेंबरमध्ये पद्धत बदलली. पोर्टल कमी केलं, आठवड्यातून एक दिवस ठरवून चितेगाव आणि वाळूजच्या गेटांवर स्वतः जायला लागले. हे सोपं नाही. बरेच वॉचमन आत सोडत नाहीत. मी आत जायचा हट्टच केला नाही. पाकिटावर 'अकाउंट्स विभाग' लिहून त्यांच्याकडे द्यायचे आणि अकाउंट्सच्या साहेबांचं आडनाव तेवढं विचारून घ्यायचे. एचआरपेक्षा ज्याला माणूस कमी पडतो आहे, त्याच्या टेबलावर कागद जाणं महत्त्वाचं. असे १२ दिले. २८ नोव्हेंबरला दिलेल्या एकाचा फोन त्याच रविवारी आला, चितेगावकडच्या एका छोट्या कारखान्यातून.

मुलाखत २ डिसेंबरला. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले होते, गाड्यांच्या सुट्या भागांचा २८ वरून १८ टक्के झाला. साहेबांनी त्यावरच विचारलं. माल २१ तारखेला नुसत्या चलनावर गेला, बिल २५ ला निघालं, पैसे ऑक्टोबरात आले, दर कुठला? मी ठामपणे म्हणाले, जुना. माल आधी गेला ना. ते नुसतं "बरं" म्हणाले. बसमध्ये मोबाइलवर जीएसटी कायद्याचं कलम १४ काढलं आणि बिडकीन यायच्या आत घाम फुटला. बिल आणि पैसे दोन्ही बदलानंतरचे असतील तर दर नवा लागतो. आता हे गेलंच, मग लपवायचं काय? त्यांना निरोप पाठवला: 'सर, माझं उत्तर चुकलं. कलम १४ प्रमाणे नवा दर लागेल.' रात्री उत्तर आलं, 'बरोबर.' एवढंच.

एकविसावा दिवस २३ डिसेंबरला येत होता. रेघ मारायची तयारी होती. २० तारखेला फोन आला. १८ हजार हातात, पीएफ आहे, कंपनीची बस नाही. आधीपेक्षा दीड हजार कमी. एक दिवस मागून घेतला, अण्णांशी बोलले आणि हो म्हणाले. ५ जानेवारी २०२६ ला रुजू झाले.

वहीचा हिशेब: अर्ज १३७. पोर्टलवरून ८८, मेलने ३१, हातोहात १२, ओळखीने ६. यंत्राच्या पोचा ४१, फोन १४, मुलाखती ८. आठांपैकी एक लागली, एक मी नाकारली, दोघांनी नकार कळवला, चौघांनी काहीच नाही. खर्च: प्रवास ४,९१०, झेरॉक्स-प्रिंट ७६०, फोटो १२०, आणि ते लाल पेनाचे ११००. एकूण ६,८९० रुपये, मोबाइलचं रिचार्ज सोडून.

कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आला आहे. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. आमच्या साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पंचेचाळीस दिवस? तवर तर पेमेंट बी येतं." येत नाही, त्यांचीच येणी मी काढते, नव्वदच्या पुढची बरीच आहेत.

वहीत अजून बरीच पानं कोरी होती, ती धाकट्याने घेतली. परवा रात्री रकाने आखत बसला होता. म्हणाला, "ताई, उत्तराचा रकाना केवढा ठेवू?"

"बारीक ठेव," म्हटलं, "खर्चाचा रुंद कर."